रेवदंड्याचं तिकीट

अमेरिकेत मुलानं मला एक 'जुनं गाव' दाखवायला नेलं, तेव्हा गाडीत त्यानं मला तीनदा बजावलं, "बाबा, तिथं गेल्यावर रेवदंड्याचं काही काढू नका." मी काढलं नाही. म्हणजे तिथं असेपर्यंत काढलं नाही. सगळं साठवून ठेवलं आणि आता इथं काढतो आहे.

त्या गावाचं नाव विल्यम्सबर्ग. इंग्रजांच्या अमलात व्हर्जिनियाची राजधानी तिथं होती, १६९९ पासून. पुढं १७८० साली राजधानी रिचमंडला हलली आणि गाव मागं पडलं. मागं पडलेल्या गावाचं जे आपल्याकडं होतं तेच त्याचंही झालं. घरं मोडकळीला आली, तरुण माणसं बाहेर पडली, म्हाताऱ्यांनी ओटे सांभाळले. पण १९२६ च्या सुमारास तिथल्या एका पाद्रीबुवांनी रॉकफेलर कुटुंबातल्या धाकट्या जॉनला गाठलं आणि गाव पूर्वीसारखं करून देण्याबद्दल त्याच्या गळ्यात घंटा बांधली. त्यानं पैशाचा पाऊस पाडला आणि अख्खं गाव उचलून पुन्हा अठराव्या शतकात नेऊन ठेवलं.

आता तिथं गुडघ्यापर्यंतच्या विजारी घातलेले पुरुष आणि घेरदार झगे घातलेल्या बायका रस्त्यावर हिंडतात. घोडागाडी चालते. लोहार जुन्या पद्धतीनं लोखंड ठोकतो. आमच्या रेवदंड्याचा लोहारही जुन्याच पद्धतीनं ठोकत असे, पण ते नवी पद्धत परवडत नव्हती म्हणून. त्याचं ठोकणं बघायला तिकीट काढून कोणी उभं राहिलं असतं तर त्यानं त्याला भाता ओढायला बसवलं असतं. तिकिटाचा आकडा मी इथं देत नाही. रुपयांत गुणाकार करायचा नाही अशी मुलाची सक्त ताकीद होती. तरी मी मनातल्या मनात नारळांत गुणाकार केला. आमच्या वाडीची एक पाडणी गेली.

गव्हर्नराचा राजवाडा मात्र देखणा. मार्गदर्शक बाई सांगत होत्या तोवर मी भक्तिभावानं पाहिला. मग त्यांनीच सांगितलं, की मूळ राजवाडा १७८१ साली जळाला, हा जुन्या पायावर पुन्हा उभारून १९३४ साली लोकांना खुला केलेला आहे. म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा लहान! वडील असते तर त्यांनी त्या राजवाड्याला अरे-तुरे केलं असतं. एक गोष्ट मात्र त्या बाईंनी न लपवता सांगितली, ती माझ्या लक्षात राहिली. त्या काळी या गावातली निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. राजवाडा दाखवायचा आणि त्याच दमात हेही सांगायचं, याला धैर्य लागतं. आम्ही राजवाडा दाखवतो, आणि तो दाखवून झाला की चहा पितो.

मुलाकडच्या मुक्कामात एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत जेम्सटाऊन, ती १६०७ ची. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पुरा झाला १५२४ साली. म्हणजे इंग्रजांनी तिथं पहिली मेख ठोकली तेव्हा आमच्या तटाला त्र्याऐंशी वर्षं झाली होती, आणि त्यावर शेवाळाचे निदान ऐंशी थर चढून उतरले होते. सकाळी हे मी चहाबरोबर मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मग डिसेंबरात आम्ही येतो. तुम्ही आम्हाला तुमचं गाव असंच दाखवा."

डिसेंबरात ती मंडळी खरंच आली. मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात. नातीला मराठीतले दोन शब्द उत्तम येतात, 'आजोबा' आणि 'नको'. त्यातला दुसरा ती अधिक वापरते. आमची ही म्हणाली, "पोरीला उन्हातान्हात दगड दाखवू नका. समुद्र दाखवा, नारळपाणी पाजा." पण मी मार्गदर्शकाच्या नेमणुकीवर रुजू झालो होतो. वेष तेवढा जुन्या काळातला नव्हता. म्हणजे होता, पण तो माझा नेहमीचाच आहे.

अलिबागेहून एसटीत बसलो. (अलिबागेचं नाव निघालं की कोणीतरी 'अलिबागेहून आलास काय' म्हणणारच. एका अलिबागकराने या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला होता. २०१९ साली न्यायालयानं तो फेटाळला आणि मनाला लावून घेऊ नका असं सुचवलं. आम्ही रेवदंडेकर तेव्हा अलिबागकरांच्या दुःखात सहभागी झालो, पण फार नाही.) नागाव गेलं, चौल गेलं, आणि रस्ता सरळ तटाच्या आत शिरला. विल्यम्सबर्गच्या वेशीवर गाड्या थांबवून माणसांना उतरवतात. रेवदंड्यात एसटी तटबंदीतून धडधडत आत जाते, आणि आतला माणूस खिडकीतून डोकं काढून "जरा थांब रे" असं तटाला नव्हे, ड्रायव्हरला म्हणतो.

नातीनं उतरल्या उतरल्या विचारलं, की तिकीट कुठं काढायचं? मी म्हटलं, तिकीट नाही. मग तिनं विचारलं, की जुन्या वेषातली माणसं कुठं आहेत? एवढ्यात लुंगी गुडघ्यावर दुमडलेला एक पाडेली खांद्यावर दोर टाकून समोरून गेला. मी म्हटलं, ही काय.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, मी शाळेत शिकवला नाही, त्यामुळं मला तो आवडतो. गाव मुळात चौलचं. आम्ही खालचं चौल, ते वरचं चौल. चौल किती जुनं? दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीला ते ठाऊक होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत 'चेमुल' म्हणून त्याचं नाव आहे. अल मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात इथं येऊन गेला, तेव्हा परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती इथं होती. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! त्यानं आपल्या टिपणांत लिहून ठेवलं आहे, की इथली माणसं उघडीबोडकी हिंडतात आणि मी जिथं जातो तिथं गोरा माणूस बघायला माझ्या मागं माणसांची रांग लागते. त्याच्या घोड्यानं पुढं जुन्नरला बरेच रामायण घडवलं. तिथल्या खानानं घोडा जप्त केला आणि धर्म बदल नाहीतर घोडा विसर असं त्याला सांगितलं. एका ओळखीच्या मुसलमान गृहस्थानं मध्ये पडून तो घोडा सोडवून दिला. ओळखीनं काम होण्याची ही आपल्याकडली जुनी नोंद आहे. या निकितिनचं स्मारक आमच्या हायस्कुलाच्या आवारात आहे. त्याच्यावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बासांनी 'परदेसी' नावाचा सिनेमाही काढला. आम्ही स्मारकाशी उभे असताना सूनबाईंचा गॉगल आणि मुलाची अर्धी चड्डी बघायला शाळेतली वीसपंचवीस पोरं जमली. निकितिनला खोटं म्हणायची सोय राहिली नाही.

मग पोर्तुगीज आले. १५०८ च्या मार्चात खाडीच्या तोंडाशी मोठी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा पोरगा लोरेन्सो. दुसऱ्या बाजूला इजिप्तचं आरमार आणि गुजरातचा मलिक अयाझ. लोरेन्सोचं जहाज निसटायच्या बेतात होतं, पण कोळ्यांनी जाळी लावायला खाडीत रोवलेल्या खांबांत ते अडकलं. तोफेच्या गोळ्यानं त्याची मांडी फुटली, तर डोलकाठीशी बसून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्यानं तो गेला. बापानं पुढच्याच वर्षी दीवला जाऊन सूड उगवला, आणि तिथून अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचा वरचष्मा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईत सुलतान आहेत, व्हाइसरॉय आहेत, तोफा आहेत. मला मात्र ते खांब रोवणारा कोळी दिसतो. सकाळी जाळं बघायला आला असेल, तर खांबाला हे एवढं मोठं जहाज लागलेलं! आणि खांब मोडल्याची भरपाई त्याला कोणी दिली नसेल, हे मी पुराव्यावाचून सांगू शकतो.

पुढं १५२१ साली पोर्तुगिजांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून इथं कोट बांधायची परवानगी मिळवली. निजामशहाला अरबी घोडे हवे होते आणि घोडे समुद्रावरून येत, समुद्र पोर्तुगिजांचा. सौदा जुळला. पन्नास वर्षांनी निजामशाहीला आपली चूक कळली. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं मोठी फौज आणून रेवदंड्याला वेढा घातला. महिनोनमहिने वेढा चालला, आणि उठला. का उठला? फरिश्ता नावाचा तवारीखकार लिहितो, की निजामशाही सरदारांना पोर्तुगीज आतून नजराणे पाठवत होते, त्यात मुख्यतः दारू. हे मी सांगितलं तेव्हा मुलगा प्रथमच मोठ्यानं हसला. विल्यम्सबर्गमध्ये असा इतिहास सांगत नाहीत म्हणाला.

कोटाच्या आत तेव्हा एक शहर होतं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, प्रत्येकाचं वेगळं चर्च आणि वेगळा मठ. चौलचं रेशमी कापड दूरदूर जात असे. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजानं मुंबई इंग्रजांना आंदण देऊन टाकली, चौल ठेवून घेतलं, यावरून कोणाची किंमत काय होती ते समजा. त्यानंतर पारडं फिरलं. मुंबईत कापडाचा धंदा जमवायला कंपनीनं चौलचे विणकर नेले. आमच्याकडून मुंबईला माणसं जायला लागली ती तेव्हापासून. मी स्वतः १९७४ साली गेलो. उशीरच झाला म्हणायचा.

आज त्या शहराचं काय उरलं आहे? फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बराच्या चर्चचा मनोरा उरला आहे. त्याला सातखणी म्हणतात. आता सातही खण नाहीत, पण ज्याचं एकदा नाव पडलं त्याला आमच्याकडं कमी करत नाहीत. चर्चच्या छपराविना उभ्या भिंती आहेत, कमानी आहेत, राजचिन्हं कोरलेले दगड आहेत, गंजलेल्या तोफा आहेत. आणि या सगळ्याच्या मधून नारळ-पोफळीच्या वाड्या. जिथं उपदेश व्हायचा तिथं केळी लागलेल्या आहेत. एका भिंतीला दोरी बांधून कोणी परकर वाळत घातले होते. सूनबाईंना ते आवडलं नाही. मला, खरं सांगायचं तर, आवडलं. चारशे वर्षांनी भिंत कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे. पण माझं मत धरू नका. एका पावसाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत तटाचा एक तुकडा बसला, तेव्हा मला काही आवडलं नव्हतं. परकर वाळत घालायला तरी भिंत हवी ना! आमच्याकडं रॉकफेलर नाही. पाद्रीबुवांनी गाठायचं तरी कोणाला?

मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे, ती खाडीपलीकडं आहे.

१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातल्या पोर्तुगिजांचा कणाच मोडला. १७४० च्या तहानं रेवदंडा आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडं आला. फिदाल्गो, अधिकारी, पैसेवाले गोव्याला गेले. जाताना ते मराठीत बरंच सामान टाकून गेले. चावी, बिजागरी, पिंप, घमेलं, बादली, बटाटा, पाव, पगार. लिलावसुद्धा त्यांचाच. पण ज्यांना गोव्याला जायची ऐपत नव्हती ती माणसं कुठं जाणार? साधे शिपाई, त्यांच्या इथल्या बायका, बाटलेले गरीब कष्टकरी. ती राहिली. कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी वस्ती केली, शेतीवाडी केली. आणि घरात, धन्याशी बोलता बोलता मोडूनतोडून जी पोर्तुगीज बनली होती तीच बोलत राहिली.

कुंडलिकेवरच्या पुलावरून मुरूडच्या एसटीनं आम्ही पलीकडं गेलो. हा पूल १९८६ मधला. तोवर होडीनं जायचं, आणि होडीवाल्याचा मूड असेल तेव्हा जायचं. पूल नव्हता हेही ही बोली टिकण्याचं एक कारण आहे, असं अभ्यासक सांगतात. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं या बोलीवर १९९६ साली अख्खं पुस्तक काढलं. त्यातली एक गंमत मला फार भावली. बोलीतले शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली. क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटाला जाऊन बसलं. तीन पिढ्या कोकणात राहिलेला पाहुणा जेवताना पाटावर मांडी घालून बसायला लागतो, तसं.

आधी किल्ला चढलो. अरुंद लांबलचक डोंगर समुद्रात घुसलेला, त्यावर एकामागून एक दरवाजे. १५९४ साली निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी हा घेतला तेव्हा दरवाज्यात हत्ती मरून पडला आणि त्यामुळं दार लावताच येईना, अशी कथा सांगतात. नातीला अख्ख्या दिवसात आवडलेला इतिहास एवढाच. हत्तीचं पुढं काय केलं, हे तिनं चार वेळा विचारलं.

उतरताना गावात पाणी प्यायला एका घराच्या ओट्यावर टेकलो. घरातल्या आजी बाहेर आल्या. लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस. आमच्याशी अस्सल रायगडी मराठीत बोलल्या. तेवढ्यात त्यांचा नातू धावत आला आणि त्या त्याच्याशी भरभर काहीतरी वेगळंच बोलल्या. पोरानं तस्संच फाडकन उत्तर दिलं आणि पळाला. मी विचारलं, ही कोणती भाषा? त्या म्हणाल्या, "नॉ लिंग." नॉ म्हणजे आपली, आणि लिंग म्हणजे जीभ, बोली. वाचकांनी भलता अर्थ काढू नये. शाळेत मराठी, बाजारात मराठी, घरात ही. "पोरं आता मराठीच जास्त बोलतात," आजी म्हणाल्या, "टीव्ही, शाळा, अलिबाग. पण घरात मी सोडत नाय." एकंदर हजाराच्या आसपास माणसं ही बोली बोलतात. आमच्या हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते, तिथं याहून जास्त भाषणं होतात.

मग आजींनी माझ्या नातीला जवळ घेतलं. मराठीत नाव विचारलं. ती माझ्याकडं बघायला लागली. आजींनी पुन्हा विचारलं, जरा सावकाश. नात म्हणाली, "नको." तिला वाटलं, काही खायला देताहेत.

आजींनी मला विचारलं, "हिला तुमची भाषा येत नाय?"

"अमेरिकेत असतात," मी म्हटलं.

"किती वर्षं झाली?"

"अठरा."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांना आकडेमोड करायची नव्हती. ती माझी मीच केली. १७४० पासून आजपर्यंत, मधूनमधून येणारे पाद्री सोडले तर एकही पोर्तुगीज शेजाराला नाही, पोर्तुगीज शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, महामंडळ नाही, संमेलन तर नाहीच नाही. आणि तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षं. आमच्याकडं ज्ञानेश्वरीची प्रत आहे, दर आठवड्याला व्हिडिओवर बोलणं आहे, दिवाळी अंकांचं पार्सल आहे. अठरा वर्षं. मुलगा लांब किल्ल्याचे फोटो काढत होता. निदान तसं दाखवत होता. मी त्याला बोललो नाही. १९७४ साली मी मुंबईला गेलो तेव्हा माझ्या बोलण्यातला रेवदंड्याचा हेल चाळीत कोणाला कळू नये म्हणून मी सहा महिने धडपड केली होती, हे त्याला ठाऊक नाही. आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

एवढ्यात तो नातू परत आला. त्याच्या हातात चिंचा होत्या. त्यानं नातीला काहीतरी म्हटलं, त्याच्या भाषेत. तिनं काहीतरी म्हटलं, तिच्या. मग दोघं ओट्यामागं गेली आणि अर्धा तास तिकडंच होती. सूनबाई दोनदा डोकावून आल्या. म्हणाल्या, छान चाललंय, कोणत्या भाषेत ते कळत नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर आला. मी म्हटलं, "रेवदंडा. तीन फुल, एक हाफ." मी ज्येष्ठ नागरिक असल्यानं तिकिटाचा तिढा झाला, ओळखपत्र निघालं, चष्मा निघाला. शेवटी कागदाचं भेंडोळं फाडून त्यानं माझ्या हातात दिलं. नात मला म्हणाली, बघा, तिकीट होतं तर! तुम्ही म्हणालात नाही म्हणून. मी म्हटलं, हे गावाचं तिकीट नव्हे, गाडीचं. पण तिनं ते नीट घडी घालून आपल्या वहीत ठेवलं, विल्यम्सबर्गच्या तिकिटाशेजारी. आणि चिंचेनं आंबलेल्या तोंडानं खिडकीबाहेर बघत एक शब्द पुन्हा पुन्हा घोळवत बसली. मला तो कळला नाही. मराठी नव्हता.